उतारा ज्याचा त्याला मिळावा

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की सांगलीकडच्या घरच्या फोनवर दोनच विषय असतात: कारखान्याचा वजनकाटा आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी. काटामारीविरुद्ध, म्हणजे वजनातल्या चोरीविरुद्ध, आंदोलनं होतात, डिजिटल काट्यांची मागणी होते, आणि ती रास्तच आहे. उताऱ्यावरून मात्र आपण कारखान्याशी भांडतो ते त्याच्या एकूण आकड्यावर. माझ्या शेतातल्या उसाचा उतारा किती निघाला, हे कुणी विचारत नाही. अमेरिकेत, नेब्रास्कात मांसासाठी गुरं पोसणाऱ्या एका फीडलॉटचे हिशेब पाहताना हा प्रश्न मला सतत छळतो.

इथे तयार जनावर दोन तऱ्हांनी विकलं जातं. एक म्हणजे अख्खा कळप जिवंत वजनावर, एकाच भावाने. त्यात चांगल्या जनावराची कमाई खराब जनावराच्या नावावर जाते. दुसरी तऱ्हा ग्रिडची, म्हणजे दर्जानुसार दर लावणाऱ्या तक्त्याची. पंधराशे पौंडांच्या खच्ची गोऱ्ह्याचं कत्तलीनंतर साडेनऊशे पौंडांच्या आसपास धड उरतं. बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मधे छेद घेऊन मांसात चरबी किती मुरली आहे हे पाहतात आणि प्राइम, चॉइस, सिलेक्ट असा उतरता दर्जा लावतात. विकाऊ मांस किती निघेल याची श्रेणी वेगळी, १ ते ५; १ सगळ्यात चांगली. प्राइमला मूळ भावावर वाढीव पैसे मिळतात. ४ आणि ५ श्रेणीला, काळपट मांसाला, फार जड धडाला कपात. हा हिशेब एकेका धडाचा असतो.

पण मला या तक्त्याहून महत्त्वाचं वाटतं ते मोजणारा कोण, हे. दर्जा ठरवणारा माणूस अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याचा असतो. फी कत्तलखाना भरतो, निर्णय त्याच्या हातात नसतो. कत्तलखान्यांच्या व्यवहारांवरच्या १९२१ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार काटे वर्षातून किमान दोनदा तपासावे लागतात, दराच्या अटी विक्रीआधी सांगाव्या लागतात, कुठलं धड कोणाचं ही ओळख राखावी लागते आणि हिशेब लेखी द्यावा लागतो. त्या कागदावरून पशुपालक पुढचा वळू निवडतो. वीसेक वर्षांपूर्वी शंभरात तीनेक धडं प्राइम ठरत, आता दहाच्या आसपास ठरतात. जास्त दिवस दिलेला खुराक हेही त्याचं कारण आहे, पण तो खुराक परवडतो तो वाढीव दरामुळेच.

इथेही सगळं आलबेल नाही. तयार गुरांपैकी सुमारे ८५ टक्के चार कंपन्याच कापतात, आणि मूळ भाव ठरताना पशुपालक दुबळा पडतो. ते दुखणं आपल्याला नको. मोजमापाची रीत तेवढी हवी.

आपल्याकडे २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. म्हणजे गुणवत्तेला पैसे आहेत, पण कारखान्याच्या सरासरीवर. ज्याने चांगल्या उताऱ्याचा ८६०३२ हा वाण लावला, ऊस पक्व होईपर्यंत कळ काढली, वाढं-पाचट काढून स्वच्छ ऊस पाठवला, त्याला आणि कोवळा ऊस घाईने घालणाऱ्याला दर एकच. मग शेतकरी टनेज पाहणारच. वजनाला जास्त पण उताऱ्याला कमी भरणारा फुले २६५ वाण लावला म्हणून कारखाने त्याला बोल लावतात, हा मला सरळ अन्याय वाटतो. चांगल्या उसाचे जादा पैसे त्याच्या हातात कधी पडले?

एकेका ट्रॉलीची तपासणी कशी जमणार, असं म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये प्रत्येक उत्पादकाच्या उसातली साखर वेगळी मोजून पैसे देतात. आपल्याच गावात दोन लिटर दूध घालणाऱ्या बाईचंही फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतं.

पहिल्या हंगामात दराला हात लावू नये. प्रत्येक खेपेचा नमुना घ्यावा आणि आकडा वजनाच्या पावतीवर छापावा. नमुना घेणारा माणूस साखर आयुक्तालयाचा असावा, खर्च कारखान्याने भरावा. सहकारी कारखान्यांच्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत एवढाच ठराव मांडावा. दराचं सूत्र त्या आकड्यांवरून पुढच्या वर्षी ठरवता येईल.