टोरेंटला एक पोर्ट पुरतो, अख्खं घर उघडं टाकू नका

सध्या एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. टोरेंटचा (एकमेकांच्या संगणकांवरून फाइल उतरवण्याच्या पद्धतीचा) वेग पाच पट करायचा असेल तर राउटरमध्ये एवढं करा, असं म्हणून त्यात यादी दिली आहे: संगणक डीएमझेडमध्ये टाका, फायरवॉल बंद करा, 6881 पोर्ट (संगणकात शिरायचं क्रमांकाचं दार) उघडा, यूपीएनपी चालू ठेवा, अपलोड शून्यावर आणा, कनेक्शनची मर्यादा काढून टाका. लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फायली) किंवा इंटरनेट अर्काइव्हवरचे मोठे संग्रह टोरेंटने उतरवणाऱ्या काही ओळखीच्यांनी तो मला पाठवून विचारलं, ‘हे खरं आहे का?’ खरं नाही. आणि नुसतं चुकीचं असतं तर मी सोडून दिलं असतं, पण यातला पहिला सल्ला घातक आहे.

‘डीएमझेडमध्ये टाका, फायरवॉल बंद करा.’ बाहेरून न मागता आलेलं पॅकेट (माहितीचा तुकडा) घरातल्या कोणत्या यंत्राकडे पाठवायचं हे राउटरला ठाऊक नसतं, म्हणून तो ते टाकून देतो. आपल्या घराचं अर्धं संरक्षण एवढ्यावरच उभं आहे. डीएमझेड चालू केलं की ती सगळी पॅकेटं थेट तुमच्या संगणकाकडे येतात. पोर्ट एकूण 65,535, त्यातला टोरेंटला लागतो एक. त्यावर संगणकाची फायरवॉलही बंद केली, तर फाइल शेअरिंगचा 445 पोर्टसुद्धा जगाला दिसू लागतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या झपाट्याने पसरला, तो याच पोर्टवरच्या सेवेतल्या दोषामुळे.

मुळात घरगुती राउटरमधल्या या सोयीला डीएमझेड म्हणणंच फसवं आहे. खऱ्या डीएमझेडमध्ये उघडी ठेवलेली यंत्रं आतल्या नेटवर्कपासून तोडलेली असतात. इथे तुमचा संगणक त्याच वायफायवर, घरातल्यांच्या फोनांच्या शेजारीच बसलेला असतो. तो पडला की पुढचा रस्ता मोकळा.

करायचं ते काम दहा मिनिटांचं आहे. आधी राउटरच्या डीएचसीपी पानावर (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) संगणकाचा पत्ता राखून ठेवा, समजा 192.168.1.50. हे केलं नाही तर काही दिवसांनी तो पत्ता दुसऱ्याच यंत्राला मिळू शकतो आणि पुढे लिहायचा नियम चुकीच्या यंत्राकडे जाऊन थांबतो. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ या तक्रारीत मला बहुतेक वेळा हेच सापडलं आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (कोणत्या पोर्टवर आलेलं कोणत्या यंत्राकडे पाठवायचं ते सांगणारं पान) एकच नियम लिहा: बाहेरचा पोर्ट 51413, आतला 51413, पत्ता 192.168.1.50, प्रोटोकॉल (माहिती पाठवायची पद्धत) टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. नुसतं टीसीपी निवडून यूडीपी राहून जातं, आणि टोरेंटची यूटीपी (माहितीची वाहतूक) व डीएचटी (इतर वापरणारे शोधणं) तर यूडीपीवरच चालतात. क्लायंटमध्येही (टोरेंटच्या प्रोग्राममध्ये) हाच आकडा घाला, ‘दर वेळी वेगळा पोर्ट’ हा पर्याय बंद करा. फायरवॉल चालूच ठेवा, तिच्यात फक्त त्या क्लायंटला परवानगी द्या. पोर्ट उघडा आहे का हे तपासताना क्लायंट चालू हवा. ऐकणारं कोणी नसेल तर नियम बरोबर असूनही पोर्ट बंदच दिसतो.

‘6881 च हवा.’ टोरेंटमागचं तंत्र, बिटटोरेंट, 2001 साली आलं, तेव्हा 6881 ते 6889 हे पोर्ट वापरायची पद्धत पडली. आज कोणताही चालतो. 49152 च्या पुढचा एखादा निवडा, इतर ठरलेल्या सेवांशी सहसा टक्कर होत नाही.

‘यूपीएनपी चालू ठेवा.’ त्याने पोर्ट आपोआप उघडतो हे खरं. पण राउटर कोणालाही ओळख विचारत नाही. घरातला कुठलाही प्रोग्राम, अगदी व्हायरससुद्धा, मागेल तो पोर्ट उघडून घेऊ शकतो. हाताने एक नियम लिहिल्यावर यूपीएनपीची गरज टोरेंटला उरत नाही.

‘अपलोड शून्य करा.’ याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. एक तर बऱ्याच क्लायंटमध्ये शून्य म्हणजे ‘मर्यादा नाही’, म्हणजे सल्ला पाळणाऱ्याचं नेमकं उलटं होतं. दुसरं, बिटटोरेंटची घडणच देवाणघेवाणीची आहे: जो देतो त्याला इतर पिअर (तीच फाइल उतरवणारे) आधी देतात. काहीच न देणाऱ्याच्या वाट्याला सीड करणाऱ्यांचा (पूर्ण फाइल मिळाल्यावरही वाटत राहणाऱ्यांचा) उदारपणा आणि अधूनमधून मिळणारी संधी, एवढंच येतं.

मात्र अपलोड मोकाट सोडणंही चूक. अपलोडची वाट तुंबली की डाउनलोडच्या पोचपावत्या त्याच रांगेत अडकतात आणि घरातल्या सगळ्यांचं नेट रखडतं. अपलोडच्या 80 टक्क्यांवर मर्यादा ठेवा. इथे एककांचा घोळ होतो: अपलोड 20 मेगाबिटचं असेल तर ते सेकंदाला 2.5 मेगाबाइट, त्याचे 80 टक्के 2 मेगाबाइट. क्लायंटमध्ये किलोबाइट मागितले असतील तर 2000 लिहा.

‘कनेक्शन अमर्याद.’ राउटरला प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवावी लागते. साध्या राउटरचा तक्ता भरला की तो अडखळतो. एकूण 200 पुरेत.

आता त्या ‘पाच पट’ वेगाबद्दल. पोर्ट बंद असला तरी तुम्ही स्वतःहून उघड्या पोर्टवाल्यांशी जोडले जाताच. भरपूर सीड असलेल्या टोरेंटमध्ये फरक फारसा जाणवणार नाही. फरक पडतो तो दुर्मिळ फायलीला, जिथे एकच सीड उरला आहे आणि त्याचा पोर्टही बंद आहे. दोन्ही बाजू बंद असतील तर भेट होणं कठीण.

आणि मेसेजात न आलेली गोष्ट: राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुमचा सार्वजनिक पत्ता सेवा कंपनीने अनेक ग्राहकांत वाटला आहे. मग पोर्ट फॉरवर्ड करा नाहीतर डीएमझेड लावा, बाहेरचा माणूस तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा. आयपीव्ही6 (पत्त्यांची नवी पद्धत, प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता) मिळत असेल तर तेही चालेल. तिथे फॉरवर्डिंग लागत नाही, राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या एका संगणकासाठी तो एक पोर्ट मोकळा करायचा.