विद्यापीठ चालवायला शिकणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

मिशिगन विद्यापीठातल्या उच्च शिक्षण प्रशासनाच्या अभ्यासक्रमावरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, आभार. तुमचं म्हणणं असं की विद्यापीठ चालवणं खुर्चीत बसूनच शिकता येतं. दुसरं, हा अभ्यासक्रम चालवणारं मिशिगनचं केंद्र म्हणजे कार्नेगी कॉर्पोरेशन या अमेरिकी देणगीदार संस्थेच्या पैशांवर उभा राहिलेला पदव्यांचा कारखाना. आणि तिसरं, कधी वर्गात न शिकवलेली माणसं त्यातून प्रशासक होऊन बाहेर पडली.

पहिला मुद्दा मला मुळीच पटत नाही. अमेरिकेत उच्च शिक्षण हा विषय १८९३ मध्ये क्लार्क विद्यापीठात पहिल्यांदा शिकवला तो जी. स्टॅनली हॉल यांनी, आणि ते त्या वेळी खुर्चीतच होते. क्लार्कचे पहिले अध्यक्ष! आदल्या वर्षी शिकागोच्या नव्या विद्यापीठाने त्यांचे बरेच प्राध्यापक उचलून नेले होते, संस्थापक जोनास क्लार्क यांनी हात आखडता घेतला होता. अशा पडत्या काळात हॉल अमेरिका आणि युरोपातल्या उच्च शिक्षणाचे प्रश्न वर्गात मांडत होते. इतर संस्था त्याच अडचणींतून कशा निघाल्या, हे आपल्या एका खुर्चीवरून दिसत नाही.

कार्नेगी कॉर्पोरेशनचं अनुदान होतं, हे खरं. पण १९५७ मध्येच केंद्र का निघालं, ते बघा. अमेरिकेत १९३९ मध्ये उच्च शिक्षण घेणारे सुमारे १५ लाख होते. १९५९ मध्ये ३६ लाख झाले, १९६९ मध्ये ८० लाख. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, मागोमाग गावोगावी कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे दोन वर्षांची स्थानिक कॉलेजं, निघाली. एवढे डीन, रजिस्ट्रार, प्राचार्य आणायचे कुठून? केंद्राचे संस्थापक अल्गो हेंडरसन अँटिओक कॉलेजचे अध्यक्ष राहिलेले आणि राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाचे सदस्य. सामान्य घरांतल्या मुलांना कॉलेजची दारं उघडा, असं या आयोगाने १९४७ मध्ये सांगितलं. दारं उघडा म्हणणारा माणूसच पुढे आत येणाऱ्यांची सोय बघायला बसला. याला कारखाना म्हणणं अन्याय आहे, सर.

तिसरा मुद्दा मात्र मलाही छळतो. हॉल आणि हेंडरसन आधी शिक्षक होते, मग प्रशासक. वर्गाचं तोंडही न बघता थेट पदवी घेऊन कार्यालयात बसणं मला धोक्याचं वाटतं. पण त्यासाठी अभ्यासक्रम मोडीत काढू नये. प्रवेशालाच काही वर्षं शिकवल्याची अट घालावी.