ट्रकच्या मागच्या टोकाचाही विचार हवा

ट्रकच्या केबिनवर बसवल्या जाणाऱ्या, वारा वळवणाऱ्या कवचामुळे डिझेल कसे वाचते, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखात उत्तम समजावले आहे. मात्र मागच्या टोकाचा उल्लेख राहून गेला, याची खंत वाटते. चौकोनी खोक्याच्या कडेवरून सुटलेली हवा मागे लगेच जुळत नाही, तिथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तोच वाहनाला सतत मागे ओढत राहतो. नासाच्या ड्रायडेन केंद्राने १९७० च्या दशकात एका फोर्ड व्हॅनला ॲल्युमिनियमचे पत्रे लावून काटकोनी खोक्याचा आकार दिला आणि वेग घेऊन मोकळी सोडल्यावर ती किती वेळात मंदावते, हे मोजले. उभ्या-आडव्या कडा गोलाकार करताच हवेचा विरोध ५४ टक्क्यांनी घटला, आणि त्यापायी आतली जागा गेली जेमतेम ३ टक्के! मागे निमुळते शेपूट जोडल्यास आणखी फायदा होतो, पण वाहनाची लांबी वाढते आणि तिथे नियम आडवे येतात. युरोपीय संघाने २०१५ मध्ये अशा जोडणीसाठी लांबीच्या मर्यादेत सवलत दिली. महामार्गावर सलग वेगाने धावणाऱ्या बंद कंटेनर ट्रकसाठी आपल्याकडेही तशी तरतूद व्हावी, असे मला मनापासून वाटते.