लाव्हावरची हिरवळ आणि पाण्याची तारीख

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील बेंड शहराजवळ, सुमारे 1,000 मीटर उंचीवरच्या वाळवंटात, पूर्वी प्रॉन्गहॉर्न आणि आता जुनिपर प्रिझर्व्ह या नावाने ओळखले जाणारे एक गोल्फ रिसॉर्ट आहे. वर्षाला जेमतेम 25 ते 30 सेंटिमीटर पाऊस-बर्फ पडणाऱ्या या भागात काळ्या लाव्हाच्या कपारींमधून पसरलेली हिरवळ पाहिली, की डोळे सुखावतात आणि मन खट्टू होते. तिथले छायाचित्र मी मराठवाड्यातल्या मामांना पाठवले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "अरे, हे कुणाच्या तोंडचं पाणी पळवलंय?"

खरे उत्तर असे, की या हिरवळीला बेंडचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मिळते. तरीही मामांचा प्रश्न चुकीचा नव्हता. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात असताना मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. मैदानावरच्या गवताचा तेव्हा न्याय झाला. उसाच्या पाण्याचा हिशेब मात्र तसाच राहिला.

इथला आणि आपला खडक मुळात एकच, बेसाल्ट. पण दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, घट्ट आणि पाणी धरण्यात कंजूष. इथला लाव्हा तरुण आणि सच्छिद्र असल्यामुळे कॅस्केड पर्वतावरचे वितळलेले बर्फ त्यात मुरते आणि दूर खाली डेशुट्स नदीच्या खोऱ्यात झऱ्यांनी वर येते. म्हणूनच इथे कुणीही विहिरीतून उपसलेले पाणी अखेर नदीतून कमी होते, हे गृहीत धरून 2002 पासून या खोऱ्यात नवा भूजल परवाना हवा असेल, तर त्याची भरपाई नदीला करून द्यावी लागते.

याला आदर्श व्यवस्था म्हणण्याची माझी तयारी नाही. ओरेगनमध्ये पाण्याचा हक्क तारखेने ठरतो. ज्याच्या हक्काची तारीख जुनी, त्याची पाळी आधी. मद्रास नावाच्या गावाभोवती (होय, नाव तेच) बियाण्यासाठी गाजर पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा मुख्य हक्क 1913 चा, म्हणजे तुलनेने नवा, म्हणून 2021 च्या दुष्काळात त्यांच्या कितीतरी जमिनी पडीक राहिल्या, आणि बेंडजवळच्या जुन्या तारखेच्या, हौसेखातर राखलेल्या कुरणांना मात्र त्यांच्याआधी पाणी मिळत होते. अन्याय आहेच, पण तो नोंदवहीत दिसतो आणि म्हणून त्याच्यावर कागद हातात घेऊन भांडता येते.

आपल्याकडेही 2009 चा भूजल कायदा आहे. मामांना मी फोनवर विचारले, तुमच्या विहिरीची नोंद कुठे आहे? ते म्हणाले, "सातबाऱ्यावर विहीर आहे. पाणी किती, ते नाही. शेजाऱ्याचं बोअर सातशे फुटांवर गेलंय, तेवढं सगळ्या गावाला माहीत आहे."