नवा कॅमेरा येईपर्यंत फोटो न काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

ऑगस्ट सरत आलाय. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट हिरवागार झालाय, कासच्या पठारावर तेरडा फुलायला लागलाय आणि तुमच्या कपाटात सोनीचा २०१४ चा ए६००० कॅमेरा पडून आहे. एखादा अडाणी माणूस अशा वेळी बॅटरी चार्ज करून पहाटे पाचला गाडीला किक मारेल. तुम्ही तसलं काही करणार नाही, कारण नवा कॅमेरा येतोय हे तुम्हाला कळलंय.

कुठला, कधी, केवढ्याला, हे विचारणारे विचारू देत. 'येतोय' एवढं पुरतं. मात्र वाट बघण्याचीही एक रीत आहे. ती नीट पाळली नाही तर माणूस बेसावध क्षणी फोटो काढून बसतो.

सुरुवात बातमीपासून करा. हल्लीच्या कॅमेऱ्यात वाय-फाय आणि ब्लूटूथ असतं, त्यामुळे विक्रीला येण्याआधी त्याची तैवान, चीन वगैरे ठिकाणच्या सरकारी दप्तरात नोंद करावी लागते. त्या नोंदीत असतो एक सांकेतिक क्रमांक आणि रेडिओ लहरींचा पट्टा. एवढ्यावरून फोटो टिपणारा सेन्सर, किंमत आणि खांद्याच्या पट्ट्याचा रंग काढता आला पाहिजे. पंचांगावरून पाऊस सांगणारी माणसं आपल्याकडे आहेतच, त्यामुळे ही विद्या शिकायला जड जाणार नाही.

आता इतिहास पाठ करा, वादात उपयोगी पडतो. सोनीचा ए६३०० फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झाला. ज्यांनी घाई केली त्यांच्या नाकावर टिच्चून ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आठ महिन्यांत, ए६५०० आला आणि त्यात हाताची थरथर सावरणारं सेन्सरचं स्टॅबिलायझेशन होतं. ए६५०० घेणाऱ्यानं थोडा दम धरला असता तर २०१९ च्या ए६६०० बरोबर मोठी बॅटरी मिळाली असती. ए६६०० वाल्यानं २०२३ च्या ए६७०० साठी थांबायला हवं होतं. या हिशोबानं २०१४ पासून जो आजतागायत थांबलाय तो सगळ्यांत शहाणा. त्याच्याकडे फोटो एकही नाही, पण चूकही एकही नाही. (कासची टोपली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. कॅमेरा कंपनीला एवढा धीर नसतो, पण तुम्ही तो अंगी बाणवू शकता.)

या काळात एक आकडेमोड चुकूनही करायची नाही. ए६००० चा फोटो साधारण ६००० गुणिले ४००० ठिपक्यांचा. इंचाला ३०० ठिपके धरले तर तो २० इंच रुंद छापता येतो. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ चं पान त्यातून भरून वर उरतं. ए६७०० चा फोटो ६१९२ ठिपके रुंद. वाढले १९२. तीनशेनं भागा: पाऊण इंचसुद्धा नाही, जेमतेम दीड सेंटिमीटर. लाखावर रुपयांत दीड सेंटिमीटर! साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या गाळ्यालाही हा भाव नाही. ३३ मेगापिक्सेलवाला, म्हणजे तीन कोटी तीस लाख ठिपक्यांचा, मोठ्या सेन्सरचा फुलफ्रेम घेतलात तरी रुंदी वाढते सतरा टक्क्यांच्या आसपास. आणि हे सगळं शेवटी जातं इन्स्टाग्रामवर, १०८० ठिपके रुंद होऊन. म्हणून सांगतोय, भागाकार करू नका. मेगापिक्सेल ही श्रद्धेची बाब आहे.

आता खरा धोका: लेन्स. तुमच्या कॅमेऱ्याबरोबर १६-५० मिलिमीटरची किट लेन्स आली. ती ५० वर नेली की तिचं तोंड एफ ५.६ च्या वर उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं). राजवाड्यावर संध्याकाळी आरतीच्या उजेडात कॅमेरा बिचारा उजेडाची संवेदनशीलता वाढवत आयएसओ ६४०० वर जातो आणि फोटोत रवाळ दाणे येतात. तुमचा मित्र म्हणतो, "सेन्सर जुना झालाय भावा, थांब की जरा." त्याचं ऐका. कारण नाही ऐकलं आणि एफ १.८ ची साधी ५० ची लेन्स लावून बघितली, तर उजेड जवळजवळ दहापट आत येतो आणि तोच फोटो आयएसओ ६४० वर निघतो. नऊ-दहा वर्षांत सेन्सर सुधारले हे खरं, पण दहापटीनं नाही. ही लेन्स नव्या बॉडीच्या (लेन्सविना नुसत्या कॅमेऱ्याच्या) पाव किमतीच्या आसपास मिळते आणि पुढच्या बॉडीलाही चालते. थोडक्यात, ती घेतली की अपग्रेडचं कारणच संपतं. अशा वस्तूपासून चार हात लांब राहावं.

तेच कासच्या फुलांचं. सीतेची आसवं हे जेमतेम सेंटिमीटरभराचं निळं-जांभळं फूल. किट लेन्स जास्तीत जास्त जवळ नेली तरी चौकटीत सुमारे अकरा सेंटिमीटर रुंदीचं गवत मावतं. म्हणजे फूल त्याच्या अकराव्या हिश्शात, बाकी चिखल. यावर योग्य प्रतिक्रिया: "ऑटोफोकस जुना आहे." चुकीची प्रतिक्रिया: १० आणि १६ मिलिमीटरच्या एक्स्टेंशन ट्यूबची जोडी घेणं. तिच्यात काच नसते, नुसती पोकळ कडी, आत विजेचे संपर्कबिंदू. दोन्ही मिळून त्या ५० च्या लेन्समागे लावल्या की तेच फूल चौकटीचा पाव भाग व्यापतं. तोटे सांगून घाबरवायचं असेल तर सांगा: उजेड कमी होतो, लांबचं काही फोकस होत नाही, आणि स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी पातळ राहतो, त्यामुळे एफ ८ ते ११ ठेवावं लागतं. शिवाय फुलं तुडवून जवळ जायचं नसतं, पायवाटेच्या कडेला जे आहे तेच टिपायचं. एवढी पथ्यं पाळण्यापेक्षा नवा कॅमेरा सोपा.

नव्यात पाच स्टॉपचं स्टॅबिलायझेशन असेल म्हणतात (एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ). म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाऐवजी अर्ध्या सेकंदाला हातात धरून फोटो. पठारावर वारा भणाणत असतो आणि तेरडा डोलत असतो हे मनात आणू नका. ही यंत्रणा तुमचा हात सावरते, तेरड्याचा देठ सावरत नाही. डोलणारं फूल थांबवायला सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो, तो २०१४ च्या कॅमेऱ्यातही आहे. दुसरा उपाय म्हणजे वारा थांबण्याची वाट बघणं. वाट बघण्यात तुम्ही पारंगत आहातच, पण ती पठारावर उकिडवं बसून बघायची असते, तेवढाच फरक.

धुक्यातले फोटो मळकट करडे येतात, ही तक्रार जपून ठेवा. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. समोर पांढरं धुकं आलं की तो उजेड कमी करतो. मागची चकती खालच्या बाजूला दाबून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची सोय) अधिक ०.७ किंवा अधिक १ वर नेलं की धुकं पांढरं येतं. चकती अंगठ्याखालीच आहे. तिला हात लावू नका. फोकस पुढच्या गवतावर जातो तेही तसंच राहू द्या. फोकसची जागा 'वाइड' वरून लहान 'फ्लेक्सिबल स्पॉट' वर आणायला दहा सेकंद लागतात आणि मग नव्या एआय ऑटोफोकसबद्दल बोलायला विषय उरत नाही.

जुना कॅमेरा खराबही व्हायला पाहिजे, नुसता जुना असून घरच्यांना पटत नाही. त्यासाठी सातारचा पावसाळा फार मदत करतो. ठोसेघरच्या धबधब्याच्या तुषारांत भिजलेली बॅग न वाळवता, चेन लावून, लाकडी कपाटात जून ते सप्टेंबर ठेवा. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली आणि अंधार मिळाला की लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. लेन्सचं तोंड पूर्ण उघडून मागून टॉर्च मारला की दिसते. म्हणून टॉर्च मारू नका. काही कंजूष लोक घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेतात, त्यात पाव किलो निळी सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक टाकतात आणि काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवतात. निळे खडे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करतात. (ती कढई मग स्वयंपाकाला चालत नाही, निळ्या रंगातला कोबाल्ट विषारी असतो. पोह्यांना वेगळी ठेवा.) अशा लोकांच्या लेन्सा पंधरा पंधरा वर्षं टिकतात आणि त्यांना अपग्रेडचा आनंद कधीच मिळत नाही.

एसी लावलेल्या गाडीतून उतरून थेट ओलसर हवेत कॅमेरा काढणं, हाही चांगला मार्ग. थंड काचेवर दमट हवेचं पाणी धरतं आणि पहिली वीस मिनिटं सगळे फोटो दुधाळ येतात. उतरण्याआधी एसी बंद करून काचा खाली केल्या, किंवा कॅमेरा बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या हवेइतका कोमट होऊ दिला, तर हे टळतं. टाळू नका. दुधाळ फोटो घरी पुरावा म्हणून दाखवता येतात.

सेन्सरवरची धूळ हा त्याहून पक्का पुरावा. एफ १६ ला आभाळाचा फोटो काढला की काळे ठिपके उठून दिसतात. रबरी ब्लोअरनं, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून, चार फुंकरी मारल्या की बहुतेक जातात. त्यापेक्षा तोंडानं फुंका. थुंकीचे डाग ब्लोअरनं जात नाहीत.

गणपतीच्या मिरवणुकीसाठी तरी नवा हवाच, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. नव्यात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. काही आटोपशीर बॉडींमध्ये तर, उदाहरणार्थ २०२४ च्या झेडव्ही-ई१० मार्क टू मध्ये, यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही. या शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, तोवर ढोलावरचं टिपरू जागचं हललेलं असतं आणि फोटोत ते केळ्यासारखं वाकडं येतं. शिवाय आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे मंडपातले स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. शटर शतांश सेकंदाच्या पुढे नेलं की मूर्तीवर आडवे पट्टे. ढोल-ताशाच्या दणक्यात साताऱ्याच्या राजपथावर तुमच्या शटरची खटखट कोणाला त्रास देणार होती, हा प्रश्न विचारणारा माणूस तंत्रज्ञानाचा शत्रू समजावा.

पैशाचं सोपं आहे, 'नो कॉस्ट ईएमआय' असतो. एक लाख वीस हजार, बारा हप्ते, दरमहा दहा हजार. पंधरा टक्के दर धरला तर त्यात व्याज नऊ हजार दोनशेच्या आसपास. तेवढी सूट दुकानदार आधी देतो म्हणून 'नो कॉस्ट'. बँक मात्र त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी घेते, म्हणजे साडेसोळाशे, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. रोख घेणाऱ्याला मिळणारी सवलत तुम्हाला मिळत नाही ती आणखी वेगळी. पण त्याला 'कॉस्ट' म्हणत नाहीत.

आणि समजा, खरोखरच आला. आला तरी लगेच घ्यायचा नाही. पहिलं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, कच्चं असतं, सेकंदाला साठ चौकटींच्या फोर-के व्हिडिओला कॅमेरा तापतो, एका प्रकारच्या व्हिडिओत चौकट कापली जाते, हे सगळं बाहेर यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर डिसेंबर. डिसेंबरात कासला वाळलेलं गवत असतं, म्हणजे घाई नाही. मग घ्या. घरी आणल्यावर कळेल की एकदाच पैसे भरून घेतलेलं तुमचं जुनं लाइटरूम, म्हणजे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर, या कॅमेऱ्याची रॉ (मूळ, प्रक्रिया न केलेली) फाइल उघडत नाही. अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, त्यातून फाइल बदलून घेतली की उघडते. पण एवढं झाल्यावर लॅपटॉपही जुना वाटायला लागणं स्वाभाविक आहे.

राहिला जुना ए६०००. तो एखाद्या कॉलेजच्या पोराला किट लेन्ससकट विकून टाका, बॅटऱ्या तीनच्या तीन द्या, घासाघीस करू नका. पुढच्या सप्टेंबरात ते पोरगं कासच्या कुमुदिनी तलावाच्या वाटेवरचा एक फोटो टाकेल: दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या लाल केसांवर अडकलेला मच्छर, मागे धुक्याचा पांढरा पडदा. खाली दोनशे लोक वाहवा करत असतील. तुम्ही फोटो मोठा करा, उजवा कोपरा शोधा आणि लिहा, "कॉर्नर सॉफ्ट आहे. कोणता कॅमेरा?" उत्तराची वाट बघू नका. तैवानात नवा क्रमांक नोंदला गेलाय.