आमदारांचं मत कुणी दडपलं?

पर्वतीवर फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘पुण्याच्या ८ आमदारांनी विधेयकावर कसं मत दिलं, ते पेपरवाल्यांनी दडपलं.’ हे खरं नाही. विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. आधी ‘होय’वाले, मग ‘नाही’वाले, अध्यक्ष निर्णय सांगतात, संपलं. मतविभागणी, म्हणजे प्रत्येक आमदाराचं मत वेगळं मोजणं, मागितली गेली तरच नावं नोंदली जातात. एरवी छापायला यादीच नसते! राग यायचा तर या पद्धतीचा यावा, मला येतोच. पेपर दिखाऊ गोष्टींकडे झुकतात हेही मान्य. अधिवेशनात पायऱ्यांवरच्या घोषणाबाजीला मोठा फोटो आणि विधेयकातल्या कलमांना चार ओळी, हे मीही बघतो. पण नसलेली यादी दडपल्याचा आरोप चुकीचा आहे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.