गावात संशोधनाला येता? या, पण बेतानं

‘ग्रामीण विषमता, अस्मिता आणि दैनंदिन जीवन’ असा तुमचा विषय विद्यापीठानं मंजूर केला असेल, तर आमच्या विदर्भात या. मुक्काम शुक्रवार ते रविवार पुरे. गाव डांबरी रस्त्याला लागून असलं पाहिजे, एवढी एकच कसोटी लावा.

हंगाम ऐन कापूस वेचणीचा धरा आणि गावात अकराच्या सुमारास शिरा. त्या वेळी बाया पऱ्हाटीत वाकलेल्या असतात. गावात उरतात ती पारावरची माणसं. त्यांना वेळ असतो, मतं असतात, कपडेही पांढरे असतात. त्यांना ‘प्रतिसादक’ म्हणा आणि नमुना यादृच्छिक होता असं लिहून टाका. ‘शेतकरी’ म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा तो, अशी व्याख्या केली की निंदणारी-वेचणारी बाई आपसूक गळते. प्रश्नावली आटोपशीर होते.

सुरुवात सरपंचाच्या ओसरीवरून करा. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी आहेत, तेव्हा सरपंच बाई निघू शकते. गोंधळू नका. उत्तरं तिचे मालक देतील, ती आतून चहा पाठवेल. ‘गावात जातिभेद आहे का?’ हा प्रश्न इथंच उरकून घ्या. “कायचा जातिभेद बाप्पा, सारे भावासारखे राह्यतो आम्ही!” ‘नाही’वर खूण करा.

पुढं टपरीवर जा. पूर्वी काही ठिकाणी विशिष्ट लोकांसाठी वेगळा कप असे आणि तो ज्यानं त्यानं विसळून ठेवायचा असे. आता सगळ्यांनाच डिस्पोजल ग्लास. समता आली, असा परिच्छेद बिनधास्त लिहा; उलट पुरावा चहाबरोबरच उकिरड्यावर गेलेला असतो. घरातल्या स्टीलच्या ग्लासाच्या वाटेला मात्र जाऊ नका. कोणाला अंगणात पाणी मिळतं, कोणाला ओसरीत, कोण थेट चुलीपर्यंत जातो, कोणाचा ग्लास नंतर दोनदा घासला जातो, हे पाहायला वर्ष जातं. तुमचं रविवारचं रिझर्व्हेशन आहे.

वस्तीत जायचंच असेल तर पाटीचा फोटो काढा. जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये घेतला. समतानगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. पाटी छान येते फोटोत. ओसरीवरचे लोक त्या बाजूला अजून ‘तिकडं’ म्हणतात, पण ‘तिकडं’ हे क्रियाविशेषण आहे, तो काही समाजशास्त्राचा विषय नाही. नाली कुठवर बांधली आणि कुठं संपली, हेही बांधकाम खात्यानं पाहावं.

पोळ्याच्या दिवशी येऊ नका. तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार, मागं कोण थांबणार, हे तिथं उघड्यावर ठरतं, आणि तुमच्या ‘सहमत, अंशतः सहमत, असहमत’च्या चौकटीत ते बसत नाही. वाद झालाच तर ‘सांस्कृतिक उत्साह’ असं नोंदवा.

सिद्धांताचीही थोडी फोडणी हवी. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी म्हैसूरकडच्या एका गावावरून १९५९ मध्ये ‘प्रबळ जाती’वर, म्हणजे गावातली जमीन, संख्या आणि सत्ता जिच्या हाती त्या जातीवर लिहिलं. त्यांचा संदर्भ पहिल्या प्रकरणात द्या, ओसरीवर मात्र तो शब्द उच्चारू नका. चहा थंड होतो.

कोणाकडं किती आहे याचे जातवार आकडे मागणारा परीक्षक भेटला तर घाबरू नका. देशातल्या सगळ्या जातींची मोजदाद शेवटची छापली गेली ती १९३१च्या जनगणनेत. २०११ साली सरकारनं घरोघर जात विचारली खरी, पण ते आकडे बाहेर आलेच नाहीत. सरकारला जे जमलं नाही ते तुम्ही तीन दिवसांत का करावं?

शेवटी ऋणनिर्देश. सरपंचांचे मालक, सचिव, गाडीवाले भाऊ, मार्गदर्शक, सगळ्यांची नावं पदवीसकट घाला. तीन दिवस तुमच्यासाठी भाकरी थापणाऱ्या बाईचं नाव विचारायचं राहिलं असेल, तर ‘व समस्त ग्रामस्थ’ लिहिलं की भागतं.